मी एकही शेअर विकला नाही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही या गोष्टीला हळूच वळसा घालते — दुसरंच काहीतरी मागते आणि उठते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा लोक माझं कौतुक करायला लागले की आजकाल मला माझ्याच जागेवर नीट बसवत नाही, म्हणून असेल. नक्की काय ते मलाही ठाऊक नाही.

पण आधी एक सांगू द्या. मी गर्विष्ठ बाई आहे. हे कबूल करायला मला अजिबात लाज वाटत नाही — ही काही कबुली नव्हे, हा माझा स्वभाव. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अकाउंट्स शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. वर्गात पुस्तक उघडून कधी शिकवलं नाही. माझी मुलं आज बँकांमध्ये आहेत, सीए झाली आहेत, रस्त्यात भेटली की गाडी थांबवून उतरतात. का नाही वाटणार अभिमान? आमच्याकडे बाईमाणसानं स्वतःबद्दल चांगलं बोललं की लोक नाकं मुरडतात. मुरडू द्या.

आणि मुलांहूनही मला माझ्या बायकांचा जास्त अभिमान आहे. माझ्या बायका म्हणजे रविवारच्या. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या भागात बाईचा पैसा म्हणजे काय? भिशी, सोनं, फार तर बँकेतली ठेव — तीही नवऱ्याच्या नावावर. शेअर हा पुरुषांचा खेळ. आणि ते तरी कसे खेळायचे? कुणीतरी फोनवर सांगायचं, अमुक घे, दुप्पट होतंय. घ्यायचे. बुडाले की बाजाराला शिव्या. आमच्या स्टाफरूममध्ये एक सर होते, पोरीच्या लग्नाला ठेवलेलं सगळं त्यांनी एका कंपनीत घातलं आणि ती कंपनीच बसली. ते त्यानंतर डबा खातानासुद्धा कुणाशी बोलत नसत. मी त्यांच्याकडे बघायचे आणि मला राग यायचा. त्यांचा नाही — ज्यांनी त्यांना काही शिकवलंच नाही त्यांचा. हिशेब शिकवणाऱ्या माणसाला जोखीम कळू नये?

मग मी स्वतः शिकले. माझ्या पगारातून, थोडं थोडं. सुरुवातीला मारही खाल्ला. पण शिकले. आणि एका रविवारी दुपारी घरच्या हॉलमध्ये पाच-सहा बायकांना बोलावलं, मुरमुऱ्यांचा सुशीला केला, चहा ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. बघता बघता हॉल पुरेना. शिक्षिका आल्या, मेडिकलचं दुकान चालवणारी एक आली, उदगीरहून दोघी एसटीनं यायच्या, शिरूर अनंतपाळची एक मुख्याध्यापिका यायची. प्रत्येकीनं स्वतःच्या नावानं खातं उघडलं. स्वतःच्या मोबाईलवर. नवऱ्याच्या नाही.

मी काय शिकवायचे? नफा कसा करायचा हे मी कधीच शिकवलं नाही. मी शिकवायचे, बुडायचं कसं नाही. मी म्हणायचे, सोयाबीन पेरताना मधून तुरीच्या ओळी टाकता की नाही? का टाकता? एक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून. मग शेअर घेताना ती अक्कल कुठं जाते? उसन्या पैशानं घ्यायचा नाही, सहा महिन्यांचा घरखर्च आधी वेगळा काढायचा, आणि कुणी सांगितलं म्हणून घ्यायचा नाही — मी सांगितलं म्हणून तर मुळीच नाही. सगळ्यात जास्त वेळा मी एकच गोष्ट बजावायचे. येत्या दोन-तीन वर्षांत जो पैसा लागणारच आहे, तो बाजारात ठेवायचा नाही. संध्याकाळच्या चहाचं दूध कुणी विरजायला घालतं का?

बायका हसायच्या. पण त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसायचं. आणि विश्वास बसावा म्हणून मी माझा मोबाईल त्यांच्या हातात द्यायचे. बघा, माझं काय काय आहे. चढलेलं बघा, पडलेलं बघा. लपवायला माझ्याकडे होतं काय?

त्यांच्यातली एक संगीता. तिचं लातुरात शिलाईचं दुकान — ब्लाऊज, ड्रेस, लग्नसराईत नऊवारीसुद्धा. माहेर देवणीचं. नवरा लवकर गेला, पोरं नाहीत, सासरच्यांनी दार लावून घेतलं. ती दुकानामागच्या खोलीत राहायची आणि चार मशिनी चालवायची. बोलणं कमी. पण रविवारी सगळ्यात पुढं बसायची. आणि तिचे शेअर — काय सांगू तुम्हाला — माझ्याहून चांगले निघाले. शांतपणे, न बोलता, तिनं असं काही साठवलं होतं की नव्या बायका आल्या की मी तिलाच उभी करायचे. संगीता, दाखव गं यांना. ती लाजत मोबाईल पुढे करायची आणि मी बाजूला उभी — जणू ते सगळं मीच पिकवलं होतं.

इथंच पहिली चूक झाली. तिला चूक म्हणू की आणखी काही?

संगीतानं एकदा मला सांगितलं, दुकानाचा मालक गाळा विकायचा म्हणतोय, तिलाच देतो म्हणालाय, पुढच्या दसऱ्यापर्यंत पैसे लागतील. म्हणजे संध्याकाळच्या चहाचंच दूध झालं की ते. माझ्याच नियमाप्रमाणे मी तिला तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं, गाळ्यापुरते काढ आणि बँकेत टाक. मी म्हटलं नाही. मी म्हटलं, अजून वेळ आहे, बघू. का? कारण तिनं काढले असते तर तिचा तो भरलेला मोबाईल अर्धा रिकामा झाला असता, आणि मग नव्या बायकांना मी काय दाखवलं असतं? हे तेव्हा मी स्वतःला असं स्पष्ट सांगितलं नव्हतं. पण आतून माहीत होतं. माणसाला आतून सगळं माहीत असतं.

आणि मग तो मार्च आला. करोनाचा.

तुम्हाला आठवत असेल, बाजार कसा कोसळत होता. रोज. काल खाली गेला म्हणून आज थांबेल म्हणावं, तर आज आणखी खाली. ग्रुपवर बायकांचे मेसेज — बाई, काय करायचं? मी शांतपणे उत्तरं द्यायचे. घाबरू नका. आपण कशासाठी तुरीच्या ओळी टाकल्या? मला खरंच तसं वाटत होतं तेव्हा. चार दिवस वाटलं, आठ दिवस वाटलं.

मग तो सोमवार. सगळं बंद व्हायला लागलं होतं, रस्त्यावर पोलीस होते. बाजार उघडला आणि इतका आपटला की व्यवहारच थांबवले. पाऊण तासानं पुन्हा सुरू होणार होते. त्या पाऊण तासात मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते. वरणाचा कुकर लावलेला. नवरा बाहेर टीव्हीसमोर, किती रुग्ण झाले ते ऐकत होता. आणि एकदम — कसं सांगू? आयुष्यभर मी ज्या भीतीला हसले, ती भीती आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली. मला वाटलं, संपलं. आता हे परत कधी उठत नाही. माणसंच उरणार नाहीत, कंपन्या कसल्या उरतात? मला माझी म्हातारी आई दिसली, दवाखाना दिसला, रिकामं खातं दिसलं.

व्यवहार सुरू झाले, आणि मी विकलं. सगळं. एकेक करून, ओट्याशी उभी राहून, एका हातात पदराचं टोक धरून. जे शेअर कधीच विकू नका असं मी बायकांना सांगायचे, तेही. शेवटचा विकला आणि कुकरची शिट्टी झाली, आणि खरं सांगते — मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ताप उतरल्यावर वाटतं तसं.

हे एवढंच असतं तर मी कदाचित सांगून टाकलं असतं. भ्यायले. माणूस भितो. त्याला काय एवढं?

पण मग मी ग्रुप उघडला. बायकांचे मेसेज एकावर एक येऊन पडले होते. काहीजणी विकायच्या बेतात होत्या. आणि मी लिहिलं — मी एकही शेअर विकलेला नाही. विकणारही नाही. तुम्हीही विकू नका.

का लिहिलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे. त्यांचं भलं व्हावं म्हणून? नाही. तेच तर तुम्हाला सांगायचंय. मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं की बाजार आणखी बुडणार. ही इमारत पडतेय असं मला दिसत होतं. मी स्वतः जिना उतरून अंगणात आले आणि आतल्या बायकांना वर तोंड करून म्हटलं — बसा, काही होत नाही. एवढ्यासाठी, की आपल्या बाई पळाल्या असं कुणी म्हणू नये.

दुपारी संगीताचा फोन आला. दुकान बंद, मशिनी बंद, लग्नं रद्द झालेली. ती कधी फोन करायची नाही.

"बाई, मला गाळ्याचे पैशे लागणार हायत. लई भ्या वाटायलंय. तेवढ्यापुरते काढू का?"

बघा, तिनं बरोबर प्रश्न विचारला होता. सगळे काढू का, असं ती म्हणाली नाही. माझ्या नियमाचाच प्रश्न होता तो. आणि मी — जिनं काही तासांपूर्वी स्वतःचं सगळं विकलं होतं — मी तिला म्हटलं, "संगीता, तू विकलंस तर बाकीच्या सगळ्या विकतील. मी नाही विकलं. माझ्यावर विश्वास आहे ना?"

ती म्हणाली, "हाव बाई."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाजार उठला. एप्रिलमध्ये थोडा, मग बराच, आणि दिवाळीपर्यंत तर जिथून पडला होता त्याच्याही वर. माझ्या बायका तरल्या. एकीनंही भीतीनं विकलं नाही. सगळ्या वाचल्या — मी सोडून. मी भाद्रपदात गुपचूप परत घेतलं, चढलेल्या भावानं, तेच शेअर, त्याच कंपन्या. कुणी नावं वाचली तर जुळावीत म्हणून. आणि त्यानंतर माझा मोबाईल कुणाच्या हातात दिला नाही. विचारलं तर म्हणायचे, आता तुमचं तुम्ही बघायला शिका.

संगीताचं म्हणाल तर, लॉकडाऊनमध्ये गाळामालकाला पैशाची नड आली. त्यानं किंमत उतरवली, पण पैसे लगेच हवे होते. बाजार तर तेव्हा अजून पडलेलाच होता. तिनं कुठूनतरी दिले. देवणीच्या भावानं मदत केली म्हणाली. मी ऐकलं आणि मनात हुश्श केलं. जास्त विचारलं नाही. ज्याचं उत्तर ऐकायला नको असतं, ते आपण विचारतो का?

आणि मग ती गोष्ट पसरली. पडत्या बाजारात बाईंनी एकही शेअर विकला नाही, आणि पंचवीस-तीस बायकांना धरून ठेवलं. महिला दिनाला लातुरात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. नवरा पहिल्या रांगेत. त्याचे डोळे भरून आले होते. नांदेडच्या एका महिला मंडळानं व्याख्यानाला बोलावलं, मग आणखी एकानं, मग कॉलेजांनी. मी अहमदपूर, लोहा करत एसटीनं जायचे आणि दर वेळी तो सोमवार सांगायचे. कुकर सांगायचे. पाऊण तास सांगायचे. बाजूला येऊन उभी राहिलेली भीतीसुद्धा सांगायचे — फक्त शेवट बदलून. मी मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या, असं म्हणायचे. इथं हमखास टाळ्या पडायच्या. पुढं पुढं तर मला त्या पोळ्यांचा वाससुद्धा यायला लागला.

तुम्ही म्हणाल, शिकवलेलं तर खरं होतं ना? होतं. त्याचा अभिमान मी सोडणार नाही. माझ्याकडून कुणी तो काढूनही घेऊ शकत नाही. आज लातूर-उदगीरच्या कितीतरी घरांत बाई स्वतःच्या नावावर पैसा ठेवते, तो कुठं आहे हे तिला माहीत असतं, आणि शेजाऱ्यानं नुसतं दुप्पट म्हटलं की ती हसते. हे मी केलं. खोटारड्या बाईनं केलं, पण केलं.

गेल्या महिन्यात मी संगीताच्या दुकानात गेले होते. ब्लाऊज टाकायचा होता. गाळा आता तिचा; शेजारचाही तिनं घेतलाय. आत आठ मशिनी, आणि दुपारी काम थांबवून ती तिथल्याच मुलींना शिकवते — खातं कसं उघडायचं, पैसा कसा वाटून ठेवायचा. मी दारात उभी राहून ऐकत होते. माझीच वाक्यं, पण तिच्या बोलीत, तिच्या ठसक्यात. माझ्याहून चांगलं सांगत होती. छाती अशी भरून आली म्हणून सांगू! वाटलं, आता मेले तरी चालेल.

मुली कामाला लागल्या. तिनं मला आत नेलं, चहा मागवला. आणि बराच वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"बाई, रागावणार नसाल तर एक सांगते," ती म्हणाली. "त्या करोनात मी तुमचं ऐकलं न्हाई."

चहा आला होता. मी कप उचलला.

"तुम्ही नको म्हनलात, तरी दुसऱ्या दिवशी मी गाळ्यापुरते काढून घेतले. भावानं दिले म्हनले, ते खोटं व्हतं. लागणारा पैसा तिथं ठेवायचा न्हाई, हे तुम्हीच पहिल्या रविवारी सांगितलं व्हतं. तेवढं धरून बसले. बाकीचे ठेवले, त्याला हात लावला न्हाई. पर तुम्ही एवढ्या घट्ट उभ्या राहिलात आन् मी तुम्हाला खोटं बोलले. लई वर्षं मनाला खातंय, बाई. माफ करा मला."

म्हणजे बघा. त्या दिवशी आमच्यातल्या एकीनंच नियम पाळला होता, आणि तीच माझी माफी मागत होती. तिनं घाबरून सगळं फुंकलं नाही. माझ्या शब्दाखातर सगळं अडकवूनही ठेवलं नाही. लागणार होतं तेवढं काढलं, उरलेलं राखलं. तो गाळा तिला मिळाला तो याच्यामुळे. माझं ऐकलं असतं तर मालकानं मागितले तेव्हा तिच्या हातात काही नसतं. जोखीम सांभाळणं म्हणजे काय, हे मी शेकडो जणींना सांगितलं असेन. करून दाखवलं ते हिनं. आणि तेही माझ्या तोंडाच्या शब्दाविरुद्ध, माझाच पहिला शब्द धरून.

सांगायला याहून चांगली वेळ कोणती होती? खोलीत आम्ही दोघीच. तिनं स्वतःचं मन उघडं केलेलं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. संगीता, मी तर सगळंच विकलं होतं. एवढंच. ती रागावली नसती. कदाचित हसली असती. कदाचित आम्ही दोघी हसलो असतो.

ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. शपथेवर सांगते, आलं होतं.

मी चहाचा कप खाली ठेवला. चेहरा थोडा गंभीर केला, जसा पेपरात कॉपी कबूल करणाऱ्या मुलासमोर करायचे. आणि म्हटलं, "जाऊ दे. झालं गेलं. मी नाही मनात ठेवत."

तिनं डोळे पुसले. मग उठली, पदर खांद्यावर ओढून घेतला, आणि माझ्या पाया पडायला वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.